फर्नेस बदलायचीय: ८० टक्के, ९६ टक्के की थेट हीट पंप?

नेपरव्हिलचा_नवरा

नमस्कार मंडळी,

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये घर आहे. १९९४ चं बांधकाम, दोन मजले, खाली बेसमेंट, साधारण २२०० चौरस फूट. फर्नेस (घर तापवणारी गॅसची भट्टी) घराच्याच वयाची, म्हणजे तिशी ओलांडलेली. तासाला १ लाख बीटीयू (उष्णतेचं माप), ८० टक्के एएफयूई (गॅसमधली इतकी उष्णता कामी येते). हिवाळ्याआधीच्या तपासणीला आलेल्या माणसाने "हीट एक्स्चेंजरला तडा गेलाय, ही चालवू नका" असं सांगितलं आणि जाताजाता नव्या फर्नेसचं कोटेशनही ओट्यावर ठेवून गेला. मग आणखी दोघांना बोलावलं. तिघांची तीन तोंडं:

अ) ८० टक्के, ८० हजार बीटीयू, एक स्टेज. साडेचार हजार डॉलर.
ब) ९६ टक्के, १ लाख बीटीयू, दोन स्टेज (मंद आणि पूर्ण जाळ). सात हजार.
क) ९८ टक्के, ८० हजार, मॉड्युलेटिंग (जाळ गरजेप्रमाणे कमी-जास्त होणारी), त्यांच्याच कंपनीचा थर्मोस्टॅट. अकरा हजारांच्या वर.

एकानेही टेप काढून काही मोजलं नाही. जुन्या फर्नेसवरचं लेबल वाचलं, एसी किती टनाचा ते विचारलं (३ टन, चार वर्षांपूर्वीच बदललाय) आणि निघाले. आई-बाबा नोव्हेंबरात पुण्याहून येतायत, त्याआधी काम उरकायचंय. ९८ टक्क्यांसाठी एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का? आणि ऑफिसात जो तो हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेने आत आणणारं यंत्र) घे म्हणतोय, त्याचं काय?

---

कुडकुडे_मास्तर

वाचनखूण साठवली. आमचीही यंदा आचके देतेय.

---

डक्टवाले_नाना

मिनेसोटात याच धंद्यात डिझाइनकडे आयुष्य गेलं, आता निवृत्त. जरा लांबण लावतो.

आधी तो तडा. हीट एक्स्चेंजर म्हणजे धूर आणि घरातली हवा वेगळी ठेवणारा पत्रा. तडा खरा असेल तर फर्नेस बंदच ठेवायची, त्यात तडजोड नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. पण "तडा गेलाय" हे या धंद्यातलं सर्वांत खपाऊ वाक्यही आहे. कॅमेऱ्याने काढलेला फोटो मागा, धुरातल्या आणि घरातल्या हवेतल्या मोनॉक्साइडचे आकडे मागा, आणि ज्याला नवी फर्नेस विकायची नाही अशा माणसाकडून एकदा बघून घ्या. तुमच्याकडे इलिनॉयमध्ये झोपायच्या प्रत्येक खोलीपासून १५ फुटांच्या आत मोनॉक्साइडचा डिटेक्टर असणं कायद्याने बंधनकारक आहे. तो आहे ना, आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, ते आजच बघा. तिशीतल्या फर्नेसला नवी घेणं तसंही गैर नाही, पण घाबरून घेऊ नका.

आता मुद्दा. तुम्ही तिघांच्या टक्क्यांची तुलना करताय. मला त्यांचे बीटीयू खुपतायत. त्या काळी बिल्डर लोक डोळे झाकून मोठी फर्नेस टाकायचे आणि पुढचा प्रत्येक जण लेबल वाचून तेवढीच परत टाकतो. गरजेपेक्षा मोठी फर्नेस पाच-सहा मिनिटं धडाडते, थर्मोस्टॅटजवळ ऊब झाली की बंद होते, परत पेटते. वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीपर्यंत हवा नीट पोचतच नाही. आवाज जास्त, झीज जास्त, आणि ९८ टक्क्यांची असली तरी तिचा तो गुण वाया.

शास्त्रोक्त पद्धत म्हणजे 'मॅन्युअल जे' प्रमाणे प्रत्येक खोलीचा हिशेब: भिंती, खिडक्या, इन्सुलेशन, हवेची गळती. पण तुमच्या हातात त्याहून सोपं साधन आहे, ते म्हणजे गॅसचं बिल. जानेवारीचे आणि जुलैचे थर्म (बिलावरचं गॅसचं माप) सांगा, गणित इथेच मांडू.

---

शनिपारचा_शंकर

पुण्यातून वाचतोय, हसू नका. ही फर्नेस म्हणजे आमच्या आजोळचा बंबच ना? खाली जाळ, वर नळी? मग ८० आणि ९६ मध्ये फरक कशाने पडतो?

---

डक्टवाले_नाना

@शंकर, अगदी बंबच. फक्त पाण्याऐवजी हवा तापवायची आणि पंख्याने डक्टमधून घरभर फिरवायची. बंबाच्या नळीतून चांगला कढत धूर वाया जायचा, तसाच ८० टक्केवालीचाही जातो, ३०० अंश फॅरनहाइटच्या वर. म्हणून तिला लोखंडी नळी आणि चिमणी लागते. गॅस जळताना पाण्याची वाफही तयार होते आणि एकूण उष्णतेतला दहावा हिस्सा त्या वाफेत अडकलेला असतो. ९० च्या वरच्या फर्नेसमध्ये दुसरा एक हीट एक्स्चेंजर असतो, तो धूर इतका थंड करतो की वाफेचं पाणी होतं आणि ती अडकलेली उष्णताही घरात येते. उरलेला धूर इतका निवलेला असतो की साध्या पीव्हीसी पाइपातून भिंतीबाहेर सोडता येतो. ते पाणी मात्र आम्लधर्मी असतं, त्याला निचरा लागतो.

हा एएफयूई म्हणजे अख्ख्या हंगामात गॅसमधली किती उष्णता कामी आली त्याचं माप. पंख्याची वीज त्यात धरलेली नाही, आणि डक्टच्या सांध्यांमधून अटारीत जाणारी हवाही नाही.

---

नेपरव्हिलचा_नवरा

धन्यवाद नाना. बिलं काढली. जानेवारीत १७८ थर्म, जुलैत १८. बिलावर जानेवारीचे हीटिंग डिग्री-डे (रोज पारा ६५ च्या खाली जितके अंश गेला त्यांची महिन्याची बेरीज) १२५० दिलेत. वर्षभराचं हीटिंग (उन्हाळ्याचा वापर वजा करून) साधारण ८५० थर्म. एक थर्म सगळे आकार धरून डॉलरच्या आसपास पडतो.

---

डक्टवाले_नाना

झकास. मांडतो.

१७८ वजा १८ म्हणजे १६० थर्म निव्वळ हीटिंगला. त्यातले ८० टक्के घरात आले: १२८ थर्म. एक थर्म म्हणजे १ लाख बीटीयू, तेव्हा महिन्याला १ कोटी २८ लाख बीटीयू. भागिले १२५० डिग्री-डे, भागिले २४ तास. उत्तर साधारण ४२७. म्हणजे बाहेरचा पारा ६५ अंश फॅरनहाइटच्या खाली जितके अंश जाईल, तितक्या प्रत्येक अंशाला तुमचं घर तासाला ४२७ बीटीयू मागतं. (६५ का, तर वरचे चार-पाच अंश ऊन, माणसं, स्वयंपाक, फ्रिज यांतूनच मिळतात.)

शून्य अंश फॅरनहाइटची रात्र धरा: ६५ गुणिले ४२७, सुमारे २८ हजार बीटीयू. परत वाचा, २८ हजार. तुमच्या बेसमेंटमध्ये १ लाखाचं धूड बसलंय, ते ८० टक्क्यांनी ८० हजार देतं.

तुम्ही म्हणाल, शिकागोत शून्याखालीही जातं. ३० जानेवारी २०१९ ला ओ'हेअर विमानतळावर उणे २३ होतं. त्या दिवशीचा फरक ८८ अंश, गरज साडेसदतीस हजार. तरी निम्म्याखाली. तुमची फर्नेस इतक्या वर्षांत कधी दमली नाही यात नवल नाही.

तेव्हा ९६ टक्क्यांची ६० हजारांची फर्नेस ५७,६०० देते. दोन स्टेजची घेतली तर खालच्या स्टेजला साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे ३७-३८ हजार. जवळजवळ सगळा हिवाळा खालच्या स्टेजवरच निघेल, संथ आणि आवाज न करता. कागदावर ४० हजारांचीही पुरते. पण पंखा तोच तुमच्या एसीलाही हवा देतो, आणि ३ टनाला मिनिटाला सुमारे १२०० घनफूट हवा लागते. लहान फर्नेसमध्ये तेवढा पंखा असलेलं मॉडेल शोधावं लागतं. ६० मध्ये ते सहज मिळतं.

---

नेपरव्हिलचा_नवरा

६० हजार?! एकाने तर "८० च्या खाली गेलात तर गोठाल" असं तोंडावर सांगितलं.

---

डक्टवाले_नाना

त्याला गणित करून दाखवायला सांगा. फर्नेस लहान पडली तर गिऱ्हाईक फोन करतं; मोठी पडली तर वरची खोली गार का राहते याचा दोष गिऱ्हाईक घराला देतं. म्हणून सगळे मोठीच टाकतात.

आणि ९८ चं म्हणाल तर: ८० वरून ९६ वर गेलात की ८५० थर्ममधले १४२ वाचतात. ९८ वर गेलात तर १५६. दोघांत फरक १४ थर्मचा, म्हणजे वर्षाला १४ डॉलर. त्यासाठी चार हजार जास्त मोजायचे? मॉड्युलेटिंगमध्ये तापमान अगदी एकसारखं राहतं हे खरं, आणि ज्यांना ते सुख हवंय त्यांनी जरूर घ्यावं. पण बचतीच्या नावाने घेऊ नये. शिवाय त्यांचाच थर्मोस्टॅट, त्यांचाच बोर्ड. बारा वर्षांनी जानेवारीत बोर्ड गेला तर कोणत्या दुकानात मिळेल ते आधी विचारा.

---

विद्युतवेडी

नानांच्या गणिताला दंडवत, पण प्रश्न "कुठली फर्नेस" असाच का? हीट पंप एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता आणतो, जाळायचं काही नाही, मोनॉक्साइडचा धसका नाही. थंड प्रदेशासाठीची मॉडेलं ५ अंश फॅरनहाइटलाही नीट चालतात. आम्ही मेन राज्यात आहोत, तेलाची भट्टी काढून हीट पंप बसवला, बिल निम्म्यावर आलं.

---

डक्टवाले_नाना

मेनमध्ये तेलावर होतात, तिथे तुम्ही केलंत ते शंभर टक्के बरोबर. एक गॅलन तेलात १,३८,५०० बीटीयू. गॅलन ४ डॉलरला आणि भट्टी ८५ टक्के धरली तर १ लाख बीटीयू उष्णता ३ डॉलर ४० सेंटला पडते. प्रोपेनचंही तसंच.

नेपरव्हिलमध्ये पाइपचा गॅस आहे. ९६ टक्क्यांवर १ लाख बीटीयू १ डॉलर ४ सेंटला. तीच उष्णता विजेने आणायची तर २९.३ युनिट, युनिट १६ सेंट धरलं तर ४ डॉलर ६९ सेंट. म्हणजे बरोबरी व्हायलाच हीट पंपाने साडेचार पट द्यायला हवं. तीन पटीने १ डॉलर ५६ सेंट पडतात. युनिट १२ सेंटला मिळत असेल तर साडेतीन पटीच्या थोडं अलीकडेच बरोबरी, आणि ४५ अंशांच्या दिवशी चांगला हीट पंप तिथवर पोचतो. शून्याला नाही.

---

विद्युतवेडी

पैशांचं मान्य. हवेचं काय ते प्रत्येकाने आपलं ठरवावं, तो आकडा गॅसच्या बिलावर येत नाही. पण एक गोष्ट तरी कराच: एसी बदलायची वेळ येईल तेव्हा नुसता एसी घेऊ नका, हीट पंप घ्या. बाहेरचं युनिट जवळपास तेच असतं. शरद-वसंतात तो, कडाक्यात फर्नेस. याला ड्युअल फ्युएल म्हणतात.

---

डक्टवाले_नाना

+१. म्हणूनच आता फर्नेस घेताना त्या थर्मोस्टॅटच्या वायरी ओढून ठेवायला सांगा, भिंत परत फोडायला नको. धागाकर्त्यांचा एसी चारच वर्षांचा आहे, तो आज भंगारात काढण्यात मतलब नाही.

सवलतीबद्दल कोणी विचारण्याआधी: ९७ टक्क्यांच्या फर्नेसला ६०० आणि हीट पंपाला २००० डॉलरपर्यंत मिळणारं केंद्राचं टॅक्स क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्राला मिळत नाही. विक्रेता अजूनही ते धरून किंमत सांगत असेल तर त्याला दारातूनच नमस्कार. गॅस कंपनीची सूट मात्र असू शकते, ती त्यांच्याच संकेतस्थळावर बघा.

---

मिसिसागाची_माई

इकडे कॅनडात अ, ब, क चा घोळच नाही. २०१९ च्या जुलैपासून ९५ च्या खालची गॅस फर्नेस बनवायलाच बंदी. आमचा घोळ वेगळा: भाड्याची फर्नेस. "एक पैसा न भरता बसवून देतो, महिन्याला थोडेथोडे द्या." आमच्या शेजाऱ्यांनी अशी घेतली. घर विकायला काढलं तेव्हा कळलं की त्या कंपनीने घराच्या कागदांवर स्वतःचा हक्क नोंदवलाय, आणि तो सोडवायला नव्या फर्नेसच्या दुप्पट रक्कम मागत होते. ऑन्टारियोत दारोदार फिरून फर्नेस विकण्यावर १ मार्च २०१८ पासून बंदी आहे आणि अशा घरगुती वस्तूंच्या हक्कनोंदी २०२४ मध्ये कायद्यानेच मोडीत काढल्या. तरी फोन येतातच. नव्याने आलेल्या पोरांनो, भाड्याने घेऊ नका, फार तर बँकेचं कर्ज काढा.

---

टेक्सासी_तात्या

सगळे ९६-९६ करतायत म्हणून उलट बाजू. आम्ही डॅलसमध्ये. हिवाळा म्हणजे मोजके आठवडे, फर्नेस अटारीत. अटारीत गोठणही होऊ शकतं, मग ते आम्लाचं पाणी पाइपात गोठलं की फर्नेस बंद. आम्ही विचार करून ८० टक्केवालीच घेतली आणि वाचलेले पैसे अटारीच्या इन्सुलेशनमध्ये घातले.

अजून एक. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत आमच्याकडे गॅस येत होता पण वीज नव्हती. फर्नेसचा पंखा आणि बोर्ड विजेवर, त्यामुळे गॅस असूनही घरात ४० अंश फॅरनहाइट. तेव्हापासून छोटा जनरेटर ठेवलाय. पंख्याला ५०० ते ८०० वॉट पुरतात. जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. न्यूट्रल आणि अर्थिंग नीट जोडलेलं नसेल तर ज्योत लागूनही फर्नेसला ती "दिसत" नाही आणि ती बंद पडते.

---

डक्टवाले_नाना

तात्यांशी सहमत. डॅलसमध्ये मीही तेच केलं असतं.

---

एडिसनची_सूनबाई

कोणी स्वयंपाकघराबद्दल बोललंच नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे रोज फोडणी, त्यामुळे गॅसवरचा हूड लोक मोठा घेतात. आमचा ९०० सीएफएमचा (मिनिटाला ९०० घनफूट हवा ओढणारा) होता. हिवाळ्यात खिडक्या बंद, हूड पूर्ण वेगात, लसणाची फोडणी... आणि बेसमेंटमधला डिटेक्टर केकाटला. हूड घरातली हवा बाहेर फेकत होता आणि तिची जागा भरायला वॉटर हीटरच्या चिमणीतून धूर उलटा खाली येत होता! तपासायला आलेल्या माणसाने सांगितलं की ४०० सीएफएमच्या वरच्या हूडला बाहेरची हवा आत घेण्याची सोय हवी असा बांधकामाचा नियम आहे. आमच्या रीमॉडेलवाल्याने तोंडातून ब्र काढला नव्हता.

तेव्हा ९६ वाली घ्याल तर दोन पाइपांची घ्या. एक धुराचा, एक बाहेरून हवा घेणारा. मग तुम्ही कितीही मिरच्या परता.

---

डक्टवाले_नाना

सूनबाई, लाख बोललात. यावरूनच धागाकर्त्यांना प्रश्न: तुमचा वॉटर हीटर कसला? गॅसचा आणि चिमणीला जोडलेला असेल तर त्याचाही विचार आत्ताच करा. आजवर फर्नेस आणि हीटर एकाच चिमणीत धूर सोडत होते. फर्नेस पीव्हीसीवर गेली की तेवढी मोठी चिमणी एकट्या हीटरला उरते. थोडासा धूर चिमणीत गार पडतो, नीट वर चढत नाही, आतून पाणी सुटून चिमणी खराब होते. उपाय दोन: चिमणीत लहान व्यासाचा लायनर (आतली नळी), किंवा हीटरही बदलणं. 'ब' वाल्याच्या कोटेशनमध्ये हे आहे का?

---

नेपरव्हिलचा_नवरा

गॅसचा, चिमणीलाच जोडलेला. तिघांपैकी कोणाच्याच कोटेशनमध्ये लायनरचा उल्लेख नाही.

---

कुडकुडे_मास्तर

माझ्याकडेही नाही. उद्याच फोन लावतो.

अवांतर: फिल्टर कुठला घालावा? मुलीला धुळीची ॲलर्जी आहे म्हणून एक इंचाचा मर्व्ह १३ (फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा) घालतो. फर्नेस मधेमधे बंद पडून परत सुरू होते.

---

डक्टवाले_नाना

त्यानेच होत असेल. एक इंचाच्या इतक्या दाट फिल्टरमधून हवा जायला फार जोर लागतो, हवा कमी पडते, एक्स्चेंजर तापतो आणि लिमिट स्विच बर्नर बंद करतो. एक इंचात मर्व्ह ८ ठेवा. मर्व्ह १३ हवाच असेल तर नव्या फर्नेसबरोबर चार-पाच इंची फिल्टरची पेटी बसवून घ्या. त्यात पृष्ठभाग कितीतरी जास्त असतो, आणि वर्षातून एक-दोनदाच बदलावा लागतो.

---

नेपरव्हिलचा_नवरा

अपडेट देतो. दुसऱ्या माणसाकडून तपासलं. तडा खरा निघाला, फोटोत स्पष्ट दिसतोय. जुनी बंद केलीय, सध्या दोन इलेक्ट्रिक हीटरवर आहोत.

'ब' वाल्याला गणित पाठवलं. आधी कुरकुरला, मग स्वतः येऊन खिडक्या मोजल्या, आणि ६० हजार, ९६ टक्के, दोन स्टेज, दोन पाइप, चिमणीला लायनर, चार इंची फिल्टर असं नवं कोटेशन दिलं. ७,४०० डॉलर. परमिट त्याच्याकडे. सही करण्याआधी काही राहिलंय का? आणि थर्मोस्टॅट ६८ की ७२, यावर घरात दोन पक्ष आहेत. आई आल्यावर तिसरा होईल.

---

डक्टवाले_नाना

मोजायला परत आला म्हणजे माणूस बरा आहे.

कागदावर इतकं लिहून घ्या: बसवल्यावर गॅसचा दाब, फर्नेसमधून जाताना हवा किती अंश तापते तो आकडा, आणि डक्टमधला स्टॅटिक प्रेशर (हवा ढकलायला पंख्याला लागणारा दाब), हे तिन्ही मोजून लेखी देईन. बहुतेक फर्नेस ०.५ इंच पाण्याच्या दाबाला बनवलेल्या असतात, मोजमाप ०.९ आलं तर परतीच्या हवेची डक्ट अपुरी आहे, आणि ती आत्ताच वाढवणं स्वस्त. निचऱ्याचं पाणी कुठे सोडणार तेही ठरवा. गराजमधून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेऊ देऊ नका, गोठेल. वॉरंटी ६० किंवा ९० दिवसांत स्वतः ऑनलाइन नोंदवा, नाहीतर दहा वर्षांची पाच होते. आणि त्या वॉरंटीत सुटे भाग येतात, मजुरी नाही.

थर्मोस्टॅटच्या भांडणात मी पडत नाही. ह्युमिडिफायर मात्र लावा. हवा कोरडी असली की ७० लाही गार वाटतं, आणि पुण्याहून आलेल्यांचे ओठ आठवड्यात फुटतात.

---

एडिसनची_सूनबाई

आईंना ७२ द्या आणि गप्प बसा. ह.घ्या.

---

धुळ्याचा_बॉस्टनकर

नाना, आमच्याकडे फर्नेस नाही, बॉयलर आणि रेडिएटर आहेत, १९२० च्या घरात. तुमचं ते बिलाचं गणित तिथेही चालेल का? नवीन धागा काढू?

---

डक्टवाले_नाना

गणित तेच. काढा धागा. जानेवारी-जुलैची बिलं आणि प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरची लांबी-उंची टाका, आणि वाफेचे आहेत की गरम पाण्याचे ते पहिल्याच ओळीत लिहा.